पहिल्या ओळीतला नातू

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असताना मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, आणि माझी सातवीपर्यंतची शाळा जेवढी पुरेल तेवढ्यावर लिहायला बसलोय. गेल्या आठवड्यापासून छातीत काहीतरी भरून आलंय. सून म्हणते गॅस आहे. मला वाटतं आनंद असावा, पण त्याची सवय नसल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

तुमचा पणतू मुंबईत रग्बी खेळतो. हा खेळ तुम्हाला कसा सांगू? सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू असतो. तो छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा, आणि समोरचे तुम्हाला आडवं करायला मोकळे. यंदा मुंबईत या खेळाचा नवा पगारी संघ उभा राहिला. पोरगा कॉलेजसाठी तिकडे गेला होता. तिथल्या एका शिक्षकाने त्याचे खांदे बघून त्याला मैदानात उतरवलं, आणि आता नव्या संघात तो पहिल्या ओळीत असतो. पहिली ओळ म्हणजे काय ते सुनेने मला मोबाइलवर दाखवलं. आठ जण एकमेकांना घट्ट धरून वाकतात, समोरचे आठ तसेच वाकतात आणि खांद्याला खांदे भिडवून रेटतात. सगळ्यात पुढे तिघे, त्यांतला उजवीकडचा आपला. ते बघून मी दोन दिवस नीट जेवलो नाही. त्या मानेला मी तेल लावलेलं आहे, बाबा. ती किती नाजूक होती ते मला माहीत आहे.

त्यातच ओरोसच्या सरकारी कचेरीतून त्याच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं. माझ्या हट्टापायी कधीतरी परीक्षा दिली होती त्याने. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा. मी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, सुनेला, म्हणजे त्याच्या आईला, घेतलं आणि कुडाळहून गाडी पकडली. मुलगा बोटीवर नोकरीला, त्यामुळे बोलायचं मलाच होतं. वाटेत सून म्हणाली, "मामानू, झील माझो आसा आणि घाम तुमका फुटता!" मी म्हटलं, "तुका कळाचा नाय गो." ती म्हणाली, "माका सगळा कळता. डबो उघडा आणि जेवा."

संघाच्या वसतिगृहाच्या दारात तो भेटला. दार भरून गेलं होतं त्याने. पत्र वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं. म्हणाला, "आजोबा, उद्या आमचो पयलो सामनो. तू सगळो बघ. संपल्यार माका सांग. तू 'चल' म्हटलंस तर मी बॅग भरतंय, काय्येक बोलूचंय नाय." मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने सगळं माझ्यावरच टाकलं. झोप कसली येते.

मला देवबागचा किनारा आठवत राहिला. मी पंधरा वर्षांचा आहे, रापण ओढतोय. जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर, प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं, टाचा वाळूत रुतवून मागे मागे जातायत. मोठी लाट येते, दोर हिसकतो, आणि मी घाबरून हात सोडतो. माझ्या मागच्या म्हाताऱ्याचे तळहात सोलून निघाले. तुम्ही मला मारलं नाही. सगळ्यांसमोर एवढंच म्हणालात, "तुझो भार कोणी घेतल्यान, बघ त्याका." त्यानंतर मी दोराला हात लावला नाही. मालवणच्या दुकानात वजनं करत आयुष्य काढलं, आणि घरातलं कोणी उंबऱ्याबाहेर पडलं की परत येईपर्यंत येरझाऱ्या घातल्या.

सामन्याला आम्ही अगदी खाली, मैदानालगत बसलो होतो. आपले चेंडू सारखा मागे देताना बघून मी सुनेला विचारलं, "गो, हे मागे मागे कित्याक देतत? हरले की काय?" ती म्हणाली, "हातान मागेच देवक होयो. पुढे दिलो तर शिट्टी!" मागे देत देतच ते पुढे सरकत होते. शेवटची मिनिटं आली तेव्हा आपण दोनच गुणांनी पुढे होतो, आणि समोरच्यांनी आपल्या रेषेपाशी, आम्ही बसलो होतो त्याच टोकाला, धडक मारलेली. पंचाने तिथेच आठ-आठ जणांना वाकायला सांगितलं. आपला पुढे वाकला आणि मी डोळे मिटले.

मग मला ऐकू आलं. आठ माणसांचा एकच श्वास. एकदम आत, एकदम बाहेर. तो आवाज मला ठाऊक आहे, बाबा. दोरावर सगळ्यांचा जोर एका वेळी लागतो तेव्हा तो येतो, आणि एकाने जरी हात सोडला तरी फाटतो. तो फाटला नाही. उलट तो माझ्यापासून लांब लांब जायला लागला, समोरच्यांना रेटत. सूनबाई ओरडत होती, "व्हडा! व्हडा!" म्हणजे ओढा, खेळ रेटायचा होता, पण आजूबाजूचे मुंबईकरही तिच्याबरोबर तेच ओरडायला लागले. मग लांब शिट्टी झाली आणि अख्खं मैदान उसळलं. नवा संघ, पहिला सामना, आणि जिंकला.

चिखलाने माखलेला तो कठड्याशी आला. "बघितलंस मा, आजोबा?"

"बघितलंय."

"मगे?"

"हयच रव," मी म्हटलं.

परत आल्यावर मी एकटा बसने ओरोसला गेलो आणि त्याने सही केलेला नकाराचा अर्ज दिला. कारकून म्हणाला, "आजोबा, अशी नोकरी कोणी सोडतं का?" मी सांगितलं, "आमचा नातू मुंबईच्या संघात पहिल्या ओळीत असतो." बाजूच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं, तेव्हा कोणी विचारलं नसताना मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. जन्मात पहिल्यांदा सरकारी कचेरीत माझा आवाज चढला.

आता तो रोज फोन करून विचारतो, शेवटचा रेटा कसा वाटला. सुनेने सांगितलेलं मी त्याला रंगवून सांगतो. तो खूश होतो. हा कागद पेटीत राहील. त्याच्या हाती पडता कामा नये. पुढच्या सामन्याची गाडीची तिकिटं काढलीत. या वेळी शेवटपर्यंत बघायचं ठरवलंय, पण बाबा, खात्री देत नाही.