पहिल्या खेपेचा केसपेपर

दि. १४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. माझे गुडघे यथातथाच. नातू मात्र फोनवर डरकाळ्या फोडतो, ते ऐकून बरे वाटते.

या खेपेस घरीच बाळंत होण्याबद्दल "घर माझं, पोट माझं, तुझं फक्त मत," असे तू लिहिलेस. मी मत दिले नव्हते, युक्तिवाद केला होता. प्रकृती निर्धोक, पहिले मूल सरळ झालेले, शिकलेली सुईण सोबत, इस्पितळ जवळ. अशी बाई घरी बाळंत झाली म्हणून बाळाचा धोका वाढल्याचे दिसत नाही, आणि कात्रीही कमी वेळा लागते. हे मी मान्य केले होते. हरकत एकच घेतली: तू निर्धोक नाहीस, कारण पहिल्या खेपेच्या केसपेपरवर 'बाळाचे ठोके मंदावले' असे लिहिलेले आहे. आता तुझ्या सुईणीने तोच केसपेपर मागवला आहे. तो वाचून ती नकार देईल, आणि मी जिंकेन.

परंतु ते वाक्य खोटे आहे. ते मी लिहिले.

ठोके उत्तम होते. सिस्टर म्हणालीही, "मॅडम, थांबू या ना, घाई कशाला?" मी म्हणाले, "मला शिकवू नकोस." माझ्याच वॉर्डात माझीच मुलगी गुरासारखी ओरडत होती, हाताखालचे डॉक्टर पाहत होते, आणि मला लाज वाटत होती. मी तुझ्या थोबाडीत मारली. मनगटे बँडेजने खाटेच्या दांड्यांना बांधली. स्टुलावर चढून कोपराने पोट दाबले. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरीही दाबत राहिले. भूल न देता कात्रीने खाली कापले.

तू म्हणालीस, "आई, नको गं!"

मी म्हणाले, "इथं मी आई नाही."

हे तुला आठवते. तरी "आईने बाळ वाचवलं" असेच तू लोकांना सांगत आलीस, कारण कागद तसे म्हणत होता. असा खोटा कागद तुझ्या एकटीचा नाही; त्या वॉर्डात इतर बायकांचेही मी असेच लिहिले.

सुईणीसाठी सहीनिशी कबुली सोबत जोडली आहे. सिस्टरनेही साक्षीची सही केली. "देर आये, पण आलात बाई," एवढेच बोलली.

माझी हरकत संपली. उरते ती विनंती: सुईण "चला" म्हणाली, तर माझ्या रागापायी इस्पितळ टाळू नकोस. तिथे आता मी नसते. आणि त्या दिवशी मला बोलावलेसच, तर मी गाडीत बसेन. आत येणार नाही.

तुझी, दाराबाहेरची,
आई