पाच चौकटींची भेट
मडजी, न्यू साउथ वेल्स,
डिसेंबर १८८८

प्रिय ताईला एनॉकचा प्रेमाचा नमस्कार,

माझी तब्येत ठणठणीत आहे. आईचा गुडघा आता कसा आहे?

काळजी करू नकोस, पण माझ्या मधमाश्या गेल्या. पोळ्यातल्या अळ्या सडल्या, सरसासारखा वास सुटला. हा रोग पेटीतून पेटीत पसरतो, म्हणून माश्यांच्या बाराही पेट्या मला माझ्याच हाताने जाळाव्या लागल्या.

इथे आम्ही मधपाळ दर महिन्याला जमतो. ज्याची पेटी जोरात, त्याने इतरांना माश्या वाढवायला अळ्यांनी भरलेल्या पोळ्याची एकेक लाकडी चौकट पेटीतून काढून द्यायची, असा रिवाज आहे. सप्टेंबरात माझ्या पेट्या जोरात होत्या. मी पाच जणांना चौकटी दिल्या.

काल ते पाचही जण आले. म्हातारा टोबायस म्हणाला, "तोंड पाडून काय बसलास लेका? आम्ही मेलोय का? घे, परत सुरुवात कर." प्रत्येकाने आपल्या पेटीतली एक चौकट आणली होती. टोबायसबरोबर आलेली त्याची बायको म्हणाली, "तूच दिलेल्या माश्यांची आहे हं, सगळ्यात भरलेली निवडलीय."

मी वाकून वास घेतला. तीन चौकटींना तोच वास होता, अजून अगदी पुसट. त्यांना तो ओळखता येत नाही. मला येतो.

मी फक्त "आभारी आहे" म्हणालो.

आता काय सांगू त्यांना, ताई? तुझं उत्तर यायला तीन महिने लागतील, आणि टोबायस हातोडी घेऊन दारात उभा आहे. माझ्यासाठी नव्या पेट्या ठोकायला आलाय.

तुझाच,
एनॉक