चौकापाशी डावा हात

चिंचोटीचा पाडा,
माघ, २००२

आये,

जव्हारला दादाकडे गेलीस त्याला दोन पावसाळे झाले. हे पत्र मी टाकणार नाही. वाचून दाखवणार वहिनी, आणि तिच्या तोंडून तुला ‘परत ये’ कसं म्हणू?

वसईचे एक सर आपल्या वारल्यांच्या वेठीची गोष्ट मुलांसाठी चित्रांतून छापतायत. चित्रं माझी. तू सांगायचीस ते सगळं काढलं. फुकट गवत कापून घेणारा सावकार, बायांनी त्याच्यापुढे टाकून दिलेले विळे. शेवटच्या पानावर वेठ सुटल्यावरचं पहिलं लग्न, आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला पांढरा चौक.

सर म्हणाले, "माणसांना चेहरे दे गं, नाहीतर मुलं ओळखणार कशी?"

मी तुझंच बोलणं पुढे केलं, "मानूस काय करतो ते दिसलं पायजे. त्वांड कशाला?"

खरं कारण त्यांना सांगितलं नाही. लग्नाचा चौक सवाशिणींनीच काढायचा, म्हणून बाबा गेल्यावर तुला कुणी बोलावलंच नाही. अजून कुठल्याही लग्नघरात गेले की मी भिंतीवर तुझा हात शोधते.

पुस्तक आलं की तेवढंच पाठवीन. शेवटच्या पानावर चौकापाशी बसलेल्या बायांत एक डाव्या हातात काडी धरून रंग भरतेय. तू ओळखशील. पाड्यातलेही ओळखतील, पण बोलतील काय? चेहराच काढला नाही, तर कपाळ कुठून दिसणार?

तुझी,
चंद्री