शंभर ग्रॅम भात

६ ऑगस्ट

ती. आत्यास,
मुंगीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझ्या कानाला फोन चालत नाही आणि तुझ्या जिभेला गप्प बसणं चालत नाही, तेव्हा पत्रच लिहिते.

बावीस ऑक्टोबरला वेटलिफ्टिंगची निवड स्पर्धा आहे. जमिनीवरचा बार डोक्यावर न्यायचा, तीन संधी, आणि प्रत्येक गटातल्या पहिल्या तिघी संघात. मी चौसष्ट किलोच्या गटात. गेली तीन वर्षं मी राखीव खेळाडू आहे, म्हणजे इतरांच्या पिशव्या सांभाळते. यंदा मला संघात शिरायचंच आहे.

अडचण पोटाची आहे. कोचनी अकरा पानांचा आहारतक्ता दिलाय, सोबत पाठवतेय. दिवसाला सहा जेवणं; त्यातलं तिसरं अकरा वाजून दहा मिनिटांनी, कोमट. अकरा दहाला मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर असते आणि कुणीतरी क्लच समजून ब्रेक दाबत असतं. परवा उकडलेलं अंडं समोरच्या काचेवर जाऊन फुटलं. शिकणाऱ्या शिंपीणबाईंनी घाईघाईने वायपर लावला.

तू एकतीस वर्षं इस्पितळाचं स्वयंपाकघर चालवलंस, दोनशे माणसांना तीन वेळा जेवू घातलंस. मला एकटीला सोपं, धड जेवण आखून देशील का? बाबा म्हणाले, आत्याला विचारशील तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल. माझी तयारी आहे.

उत्तर कडू असलं तरी लवकर यावं, आणि माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी,
मुंगी

१४ ऑगस्ट

चि. मुंगीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तक्ता वाचला. सातव्या पानावर कोचनी अक्रोड मोजून दिले आहेत, साडेतीन. उरलेला अर्धा कुणी खायचा ते लिहिलेलं नाही. हा कागद लिहायला ज्याला सवड मिळते, त्याला घरी कुणीतरी आयतं वाढत असणार.

आता माझं ऐक. रविवारी आणि बुधवारी तासभर ओट्यापाशी उभी राहा. एका पातेल्यात भात, दुसऱ्यात कडधान्य, जी ताजी मिळेल ती भाजी, आणि डझनभर अंडी उकडून. गार झालं की डबे भर आणि फ्रीजमध्ये टाक. सकाळी दूध, ओट्स, केळं. दोन्ही वेळच्या जेवणाला भात शंभर ग्रॅम, कडधान्य साठ, अंडी दोन, भाजी हवी तेवढी. सरावाआधी एक केळं, नंतर वाटीभर दही. झालं. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

आकडे मोडायचे नाहीत. माझ्या स्वयंपाकघरात कागदावरचा आकडा कुणी बदललेला मला खपत नसे. आणि भूक लागते म्हणून रडत येऊ नकोस. सुरुवातीची भूक नाटकी असते.

बापाला सांग, ऐकून घेण्यात त्याचाही नंबर लागणार आहे. जेवत जा, लिहीत जा, आम्हाला विसरू नये.
तुझी,
आत्या

२२ सप्टेंबर

ती. आत्यास,
मुंगीचा नमस्कार, जमेल तेवढा वाकून.

पाच आठवडे झाले. तुझा आकडा मी ग्रॅमभरही ढळू दिला नाही. छोटा वजनकाटा घेतलाय, ताटातला भात त्यावर तोलूनच तोंडात घालते. शिंपीणबाईंनी डबा पाहून विचारलं, की हा मांजरासाठी आहे का. तुझी ती नाटकी भूक मोठी कलावंत निघाली. पाचव्या आठवड्यातही प्रयोग हाउसफुल्ल आहे.

वजन साडेत्रेसष्टवरून एकोणसाठच्या खाली आलंय. ऑगस्टमध्ये पंचाण्णव किलो डोक्यावर जात होते, आता पंच्याऐंशीला गुडघे लटपटतात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण काल शिंपीणबाई वळणावर गोंधळल्या. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तो अशाच वेळी दाबायचा. पाय गेला, पण उशिरा गेला. गाडी वाचनालयाच्या फाटकावर आपटली. कुणाला काही झालं नाही. झोपली होतीस का, असं मालकांनी विचारलं. मी जागी होते, आत्या. पाय उचलायचा होता आणि तो उचलला जात नव्हता. मला फार भीती वाटली.

इस्पितळातले लोक तुझं जेवण जेवून खरंच बरे व्हायचे, की लवकर घरी जाता यावं म्हणून बरे झाल्याचं सोंग आणायचे, तेवढं कळव.

राग येईल, पण लोभ आटू नये.
तुझी (उरलेली),
मुंगी

२७ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

मांजराचं वाचलं आणि उठून तांदूळ मोजले. कच्चे शंभर ग्रॅम. शिजवले, पुन्हा मोजले. दोनशे ऐंशी भरले.

अगं बाई, इस्पितळाच्या कागदावर भात शंभर म्हणजे कोठीतून माणशी शंभर ग्रॅम तांदूळ काढायचे. कडधान्याचंही तेच. शिजलेलं अन्न कुणी तोलत बसत नाही, वाढून मोकळे होतात. आणि तू ताटातला भात काट्यावर ठेवलास! पाच आठवडे तिसरा हिस्सा जेवलीस. अंडी नगावर होती म्हणून निदान उभी तरी आहेस.

माझ्या हाताखालच्या एकाही बाईने एकतीस वर्षांत हे कधी विचारलं नाही, कारण हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिवसभर लोकांना गाडीतलं पेट्रोल बघायला शिकवतेस, स्वतःची टाकी रिकामी झालेली दिसली नाही? विचारायला तोंड उघडत नव्हतं का?

आजपासून कच्चं तोल, शिजव आणि सगळं खा. काही दिवस गाडीत दुसऱ्या कुणाला बसू दे.

काळजीत टाकलं आहेस, उलट टपाली कळव.
तुझी,
आत्या

२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

तू कुठेच चुकली नाहीस हे वाचून समाधान वाटलं. पाच आठवडे उपाशी राहिले मी आणि ओरडा मिळाला तोही मलाच.

आता खरी बातमी. काट्यावर माझं वजन पाहून कोचचा चेहरा उजळला. एकोणसाठच्या गटात चारच मुली आहेत आणि तिघी जाणार. तीन आठवडे आहे त्या वजनावर टिकून राहा, पंच्याऐंशी उचललेस तरी संघात, असं म्हणाले. ही युक्ती त्यांनी ऑगस्टपासून मनात धरली होती म्हणे. मी त्या गटात उतरणार, असं एकदोघींना सांगूनही झालं.

मी हो म्हटलंय. तुझ्या चुकीच्या, बरं, माझ्या चुकीच्या जेवणाने मी संघात जाईन. तीनच तर आठवडे आहेत. गाडीतून मात्र सुटका नाही, मालकांकडे दुसरं माणूस नाही. मी जपून राहीन.

तू फक्त रागावू नकोस, बाकी काही मागत नाही.
तुझी,
मुंगी

६ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

रागावले आहे. इस्पितळात रोज ताटं परत यायची. कुठे एक घास उष्टा, कुठे तोही नाही. मी प्रत्येक ताट बघायचे. ज्यांच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं त्यांना मी चमच्याने भरवलं आहे, गोंजारून भरवलं आहे, शिव्या घालून भरवलं आहे. तुझ्या घशाला काहीही झालेलं नाही, आणि तू जेवणार नाहीस म्हणतेस!

वर शेजारी कुणीतरी स्टेअरिंग धरून तुझ्या पायाच्या भरवशावर बसणार. या वेळी नुसतं फाटक होतं. पुढच्या वेळी फाटकात कुणी उभं असेल तर संघाचा कोट घालून त्याच्या घरी भेटायला जाशील का? कोचना सांग, आधी स्वतः साडेतीन अक्रोडांवर तीन आठवडे काढा, मग युक्त्या सांगा.

तू संघात जावंस असं तुझ्याइतकंच मला वाटतं. पण चौसष्टच्या गटातून, पोटभर जेवून. एकोणसाठमध्ये उतरलीस तर मला निकाल कळवू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या वागण्यावर ठरत नाहीत.
तुझी,
आत्या

२४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. नमस्कार.

निकाल कळवते आहे, त्यावरून काय ते समज.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कोचना सगळ्यांसमोर नाही म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी फक्त शिट्टी वाजवून बोलतात. जेवले, आत्या. कच्चं तोलून, पातेलं निपटून. पायात जीव आला. स्पर्धेच्या सकाळी साडेएकसष्ट भरले.

शहाऐंशी गेले. एकोणनव्वद गेले. तिसऱ्या संधीला एक्क्याण्णव, तेही गेले. आमच्या गटात तिसरी आली तिने त्र्याण्णव उचलले. मी चौथी. पुन्हा पिशव्या माझ्याकडे.

एकोणसाठमधली तिसरी ब्याऐंशीवर संघात गेली. गोड मुलगी आहे. तिने मला मिठी मारली आणि मला तिला चावावंसं वाटलं. दोन किलो, आत्या. येताना बसमध्ये तोंड खिडकीकडे करून बसले होते. तू बरोबर होतीस, पण हे सध्या मला कुणी ऐकवू नये, तूही नको.

शिंपीणबाईंना लायसन्स मिळालं. लोभ आहेच, थोडा थकलाय.
तुझी,
मुंगी

२९ ऑक्टोबर

चि. मुंगीस,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

मी बरोबर होते असं लिहिलं आहेस, ते खोडून टाक.

ऑगस्टमध्ये तुझे पंचाण्णव जात होते. तिसरी आली ती त्र्याण्णववर. मधले पाच आठवडे गेले नसते तर आज तू संघात असतीस. ते पाच आठवडे माझ्यामुळे गेले. कच्चं एवढा एक शब्द मी लिहिला नाही, आणि भूक लागली तर सांगू नकोस हे मात्र ठळक लिहिलं. तू माझं ऐकलंस, एवढंच तुझं चुकलं. मग सगळं तुझ्या माथी मारून मोकळी झाले, कारण माझ्या हातून कुणी उपाशी राहिलं हे मला सोसेना.

चुकले मी. हे पत्र तुझ्या बापाला दाखवू नकोस, तो साठ वर्षं या वाक्याची वाट बघतो आहे.

तू चौथी आलीस याचं मला वाईट वाटलं, रडले, आणि शेजारणीला कांदा चिरते आहे म्हणून सांगितलं. तुझी जागा मी घालवली, मुंगी, आणि तरीही मी जेव म्हटल्यावर तू जेवलीस. इतका भरवसा माझ्यावर ठेवू नकोस. यापुढे माझं ऐकण्याआधी माझ्याशी भांड.

लोभ उरला असेल तर असू दे. नसेल उरला, तर भांडायला तरी लिही.
तुझी,
आत्या