फिलिससाठी तीन मिनिटं

१२ नोव्हेंबर, मंगळवार
ठरलं. एकवीस तारखेच्या नगरसभेत मी बोलणार. आमच्या गावच्या निवडणुकांचं काम बघणारी क्लार्क फिलिस हॉगन हिला काढून टाकायचा ठराव आहे. म्हणे तिने मतं चोरली. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसून मतपत्रिका मोजतोय, यंदाही मोजल्या. एक इकडची तिकडे झाली नाही. मोजणारे बाकीचे दोघे थंडीचं निमित्त काढून फ्लोरिडाला पळाले. भित्रे लेकाचे. उरलो मी.

१३ नोव्हेंबर
भाषण लिहिलं. अकरा मिनिटांचं झालं. मिळतात तीन. ऐकता ऐकता बायकोचे सगळे बटाटे सोलून झाले. मार्लिस म्हणाली, छान आहे, पण तू माईकसमोर उभा राहशील तेव्हा खरं. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने मला ओळखलंच नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
नगरसेवक डेल क्रूग रेडिओवर म्हणाला, गावात माणसं दोनच प्रकारची, आपली आणि त्यांची. फिलिसला पाठीशी घालणाऱ्यांची नावं लिहून ठेवतोय म्हणाला. हार्डवेअरच्या दुकानात सगळे हसले. मीही हसलो. शत्रूला गाफील ठेवावं.

भाषणातून क्रूगचं नाव काढलं. नाव न घेता मारलेला टोला जास्त लागतो.

१७ नोव्हेंबर, रविवार
चर्चनंतर कॉफीला फिलिस भेटली. तिच्या टपालपेटीत कुणीतरी चिठ्ठी टाकली आहे. त्यात तिच्या नातीची शाळेची बस किती वाजता येते आणि कुठल्या कोपऱ्यावर. एवढंच. शिवी नाही, सही नाही. फिलिस म्हणाली, ऑर्विल, तू तरी बोलशील ना रे? मी म्हटलं, काळजी सोड, मी आहे. आवाज जरा खाली ठेवला. आजूबाजूला लोक केक खात होते.

१९ नोव्हेंबर, दुपारी ३
समोर एक पिकअप उभा आहे. वीस मिनिटं झाली. इंजिन चालूच. पडद्याआडून बघतोय.

४.१०. शेजाऱ्यांकडे आलेला प्लंबर होता, गेला. तरी पडदा ओढलेलाच ठेवला.

भाषणातला 'खोटं' हा शब्द काढून 'गैरसमज' घातला. मार्लिस म्हणाली, गुरुवारपर्यंत नुसतं 'धन्यवाद' उरेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
आमच्याकडे नियम असा, बोलणाऱ्याने आधी नाव आणि घराचा पत्ता सांगायचा. मी घोकूनच गेलो होतो. हॉल खच्चून भरलेला. मागच्या भिंतीला टेकून नारिंगी जाकिटातली माणसं, हाताची घडी घालून. शनिवारपासून हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, शिकारी घालतात ती जाकिटं. दुसरं काही नाही. त्यातल्या एकाच्या हातात वही होती.

मी म्हटलं, ऑर्विल लिंडक्विस्ट, ४१८ मेपल स्ट्रीट. त्याने लिहून घेतलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

पुढे मी पालापाचोळा उचलणाऱ्या नगरपालिकेच्या गाडीबद्दल बोललो. ती आमच्या गल्लीत दोन आठवडे फिरकलेली नाही. पूर्ण तीन मिनिटं, मुद्देसूद. क्रूग म्हणाला, गावाला अशीच आपली माणसं हवीत. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत फिलिस होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत.

ठराव चार विरुद्ध तीन मंजूर. फिलिसने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मधल्या वाटेने एकटी निघून गेली. एका मताचाच फरक, पण त्याला माझं भाषण काय करणार होतं?

घाबरलो होतो. झालं, लिहिलं. इथे कोण वाचतंय.

२३ नोव्हेंबर, शनिवार
पालापाचोळ्याची गाडी आली. सकाळी आठला. आमच्या दारासमोरचा ढीग सर्वांत आधी उचलला.

अंगणात एक पाटीही आली आहे. 'इथे आपला माणूस राहतो.' मी मागवली नव्हती. मार्लिस म्हणाली, आत्ताच्या आत्ता उपट ती. मी म्हटलं, उपटणारच आहे, जरा रस्ता मोकळा होऊ दे. तेवढ्यात फिलिसची गाडी आली, पाटीपाशी हळू झाली, पुढे गेली. घाईत असेल.

दुपारी ४. वाऱ्याने पाटी एका अंगाला कलली. कुणाला वाटायचं, आपणच ढकलली. हातोडा घेऊन गेलो आणि चांगली खोल ठोकून आलो.