स्ट्रॅथनेव्हरवरचा कारकून

कळंब, जि. उस्मानाबाद
१९ जानेवारी १९६४

प्रिय बाबू,

तुझं पत्र परवा मिळालं. नोकरी संपली, बोटीवरून कायमचा उतरलास, आणि आता नाशिकला कुणा ओळखीच्यांच्या चाळीत खोली पाहिली आहेस, इथवर मी शांतपणे वाचलं. पुढचं वाक्य वाचून मात्र चहाची कपबशी ओट्यावर आदळली. “समुद्राची सवय झालेल्या माणसाला कळंबसारख्या कोरड्या गावात करमणार नाही.” बाबू, हे तू कुणाला लिहितोस? जिनं तुला बोटाला धरून बाराखडी गिरवायला लावली तिला? मला हे मुळीच मान्य नाही. या उतारवयात तू परक्याच्या चाळीत एकटा राहणार आणि मी इथं चार खोल्यांत एकटी, हा कुठला न्याय? तू इथंच यायचं आहेस.

मीही जूनमध्ये निवृत्त झाले हे तुला कळवलं होतंच. निरोपाला शाल, नारळ आणि तीन भाषणं मिळाली. तिन्ही भाषणांत मला ‘शिस्तप्रिय’ म्हणाले. कजाग म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. आणि मी उंबऱ्याबाहेर पडताच नव्या हेडमास्तरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझी बोट बंद केली. तुला ठाऊक आहे, दर वर्षी संक्रांतीनंतरच्या शनिवारी सातवीच्या मुली टेप घेऊन निघायच्या आणि शाळेच्या दारापासून रस्त्यावर फक्कीनं तुझी स्ट्रॅथनेव्हर आखायच्या. चांगली साडेसहाशे फुटांवर लांब. नाळ, म्हणजे पुढचं टोक, शाळेच्या पायरीशी, मधला भाग बाजाराच्या मैदानात आणि शेपूट थेट गंगम्माच्या गोठ्यात. गंगम्मा दर वर्षी कंबरेवर हात ठेवून भांडायची, “अक्का, तुमच्या बोटीत माझी म्हैस बसंना बगा, दोन हात सरकवा की!” मुली हसून लोळायच्या, पण एवढी मोठी वस्तू पाण्यावर तरंगते हे त्यांना एका सकाळीत कळायचं. हेडमास्तर म्हणतात, हे अभ्यासक्रमात नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात म्हैससुद्धा नाही, तरी ते दूध पितात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यानंतर शाळेतून मला बोलावणं आलेलं नाही.

हे वेड कुठून आलं हे तुला मी लहानपणी शंभरदा सांगितलं असेल, पण आज पुन्हा सांगते, कारण त्याचा तुझ्याशी संबंध आहे. बाराव्या वर्षी माझं कुंकू गेलं आणि महिन्याच्या आत नानांनी मला सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात नेऊन घातलं. साऱ्या गोतानं तोंड फिरवलं. तिथं सिस्टर ॲग्नेस भूगोल शिकवायच्या आणि त्यांच्या वर्गात ‘मॉरेटानिया’चं चित्र होतं, चार धुराड्यांचं. बाकीच्या मुली त्या चित्राखाली येशूची प्रार्थना करायच्या. मी त्या बोटीला डोळे मिटून सांगायचे, मला ने. विलायतेत शिक्षिकेचं शिक्षण घ्यायचं असं माझं आणि नानांचं ठरलंही होतं. मग नाना गेले. मी अठराची, तू बारा वर्षांचा आणि आई अंथरुणाला खिळलेली. आपण कळंबला परत आलो, मी मुलींच्या शाळेत लागले आणि विलायत तिथंच संपली. बोटी मात्र संपल्या नाहीत. सोलापूरच्या रद्दीवाल्याकडून मी इंग्रजी साप्ताहिकांचे गठ्ठे मागवायचे. कुठली बोट कधी बांधली, किती वेगानं गेली, सगळं पाठ. निजायच्या वेळी इतर घरांत रामाची गोष्ट सांगत, आपल्या घरात मी सुएझचा कालवा सांगायचे.

पस्तीस साली तू एकवीस वर्षांचा झालास आणि मी तुला मुंबईला पाठवलं. सिस्टर ॲग्नेसच्या ओळखीची चिठ्ठी होतीच. स्ट्रॅथनेव्हरवर कोठीचा कारकून म्हणून तुला घेतलं, त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. तुझं पहिलं पत्र आलं ते बारा पानी होतं. एडनची ऊन वाऱ्याची झुळूक, जेवणघरातले आरसे, पोर्ट सैदचे फेरीवाले. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी पत्र. सगळ्यांवर मुंबईचाच शिक्का, कारण परदेशातून टपाल हरवतं म्हणून तू परतल्यावर एकदम टाकतोस, असं तू लिहिलं होतंस. मी ते मानलं. लढाईत पत्रं चार ओळींची झाली, तेव्हा सरकारी गुप्तता म्हणून तेही मानलं. तुझी बोट मला डोळे भरून पाहायची होती. चार वेळा मी मुंबईला यायचं ठरवलं आणि चारही वेळा तू कळवलंस की त्याच आठवड्यात बोट सुटते आहे. मी ट्रंक पुन्हा रिकामी करायचे.

अठ्ठेचाळीस साल तुला आठवत असेल. रझाकारांच्या भीतीनं आम्ही बायका-पोरं रात्रीतून बार्शीला निघून गेलो. पाचव्या दिवशी छावणीत पाहते तर तू समोर उभा. दोन दिवस अन्नपाणी न घेता हिंडत होतास, असं नंतर कळलं. योगायोगानं बोट मुंबईत होती म्हणालास. तू माझे पाय धरून लहान मुलासारखा रडलास आणि तुझ्या कपड्यांना ओव्याच्या अर्काचा वास येत होता. बोटीवर पोटदुखीला तेच देत असतील, असं मला वाटलं. असा भाऊ कुणाला मिळतो, बाबू? त्या दिवसापासून माझ्या मनात तुझ्याबद्दल किल्मिष आलेलं नाही. यापुढं जे लिहिते ते वाचताना हे विसरू नकोस.

पन्नास साली तुझं एक पत्र आलं. पहाटेच्या मुंबई बंदरात स्ट्रॅथनेव्हर उभी आहे आणि तिच्या तिन्ही धुराड्यांवर सूर्य पडला आहे, असं तू फार सुंदर लिहिलं होतंस. बाबू, लढाईनंतर ती बोट दुरुस्तीला गेली तेव्हा तिची दोन धुराडी काढून टाकली. ती दोन नुसती शोभेचीच होती. पन्नास साली ती एका धुराड्यानिशी परत आली. तिचा फोटो माझ्या टेबलावर होता. समुद्रापासून इतक्या लांब बसलेल्या मला हे माहीत, आणि तिच्यावर नोकरी करणाऱ्याला नाही? मी ते पत्र घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिले. तू बोटीवर नाहीस, हे कळायला एवढं पुरेसं होतं. पण खरं सांगू, मला दुसऱ्याच गोष्टीनं गलबलून आलं. मुंबईत राहूनही तू कधी धक्क्यावर नुसता उभासुद्धा राहिला नव्हतास. समुद्राची इतकी धास्ती.

त्रेपन्न साली आपले शेजारी महालिंगप्पा डोळे दाखवायला मुंबईला गेले होते. परत आल्यावर पिशवीसुद्धा खाली न ठेवता माझ्या दारात आले. “अक्का, बाबूराव बोटीवर न्हायती. गिरगावात वैद्याच्या दुकानात हायती. पुड्या बांधत्यात. मला बगून आत गेले.” मी म्हटलं, रजेवर असेल. तर म्हणाले, “रजेवर माणूस पुड्या बांधतो व्हय?” मी म्हटलं, माझ्या भावाला रिकामं बसायची सवय नाही, आणि ही गोष्ट गावात फुटली तर तुमच्या तिन्ही नातवंडांचा भूगोल मी तपासणार आहे. ते बिचारे गेले तसे गेले. आजतागायत अवाक्षर काढलेलं नाही.

पुढच्याच वर्षी शिक्षिकांची सहल मुंबईला निघाली. बंदर दाखवणार होते. स्ट्रॅथनेव्हर त्या आठवड्यात तिथं लागणार हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी गुडघे दुखतात म्हणून घरी राहिले. मी धक्क्यावर गेले असते तर तुला तोंड लपवायला जागा उरली नसती. म्हणून आज पंचावन्न वर्षांच्या या बाईनं समुद्र पाहिलेला नाही. त्याचा राग आला नाही असं नाही. पुष्कळ आला. तीन दिवस मी शाळेत सगळ्यांना छळलं. मग तुझं पत्र आलं आणि तू लिहिलं होतंस की बोटीवर थंडी फार, तेव्हा अक्का, तू सकाळी कानाला रुमाल बांधत जा. कळंबच्या थंडीची काळजी तू समुद्रावरून करत होतास. मी रुमाल बांधला.

बासष्ट साली स्ट्रॅथनेव्हर हाँगकाँगला मोडीत काढली. मी त्या दिवशी जेवले नाही. आणि तू मात्र परवाच्या पत्रात लिहितोस की गेल्या महिन्यात तिच्यावरून उतरलास. दोन वर्षं तू नसलेल्या बोटीवर नोकरी केलीस, माझ्या राजा, आणि तीही माझ्यासाठी.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. तू पहिल्यांदा निघालास तेव्हा येडशीच्या स्टेशनावर गाडीच्या दांड्याला धरून म्हणाला होतास की अक्का, मला पाण्याची भीती वाटते, मला नको पाठवूस. आणि मी चारचौघांत म्हटलं होतं, बोट सोडून आलास तर मला तोंड दाखवू नकोस. तू पहिल्याच फेरीत बोट सोडलीस ना? आणि बार्शीची ती एक भेट सोडली तर माझं ते वाक्य अठ्ठावीस वर्षं तंतोतंत पाळलंस. मला जायचं होतं आणि मी तुला पाठवलं. चूक माझी आहे. ते वाक्य मी मागं घेते. घ्यायला तेरा-चौदा वर्षं उशीर केला, कारण ते मागं घेतलं की तुझी पत्रं थांबतील अशी मला भीती होती. कुर्डुवाडीला गाडी बदल, येडशीला उतर आणि येरमाळ्यावरून येणारी एस.टी. धर. मी स्टँडवर उभी असेन. बोटीबद्दल मी तुला एक शब्द विचारणार नाही. दुकानाबद्दल विचारीन. तो वैद्य कसा होता, तू कुठं जेवायचास, आजारी पडलास तर पाणी कोण द्यायचं, सगळं, पहिल्या दिवसापासून. तेवढी पत्रं माझ्याकडं नाहीत.

वाट पाहणारी आणि तुझीच,
अनसूयाअक्का