यादीतला रेडिओ

६ जानेवारी १९७४, रविवार

ठरलं म्हणायचं माझं लग्न! कवठे महांकाळचे पाटील दुसऱ्यांदा येऊन गेले आणि या खेपेला यादी झाली. भांडीकुंडी, जावयाला घड्याळ— आणि रेडिओ. अण्णा म्हणाले, ट्रान्झिस्टर देतो, नवा, चामडी पिशवीतला. पाटलांनी हात हलवला. "त्यो नगं. लाकडी द्या, मोठा. कपाटावर ठेवला की चार मान्सांनी इचारलं पायजे, कुनी दिला म्हून."

मुलगा महावीर साताऱ्याच्या हायस्कुलात सायन्स शिकवतो. पूर्ण वेळ वर आढ्याकडे बघत होता. मला वाटलं, पाल दिसली असेल. नंतर कळलं, आमच्या एरियलची जाळी बघत होता! बोलला मात्र एक शब्द नाही. कांदा नसलेले पोहे दोनदा मागून घेतले, तीच काय ती पसंती समजायची.

८ जानेवारी

अण्णांनी युक्ती काढली. सांगलीच्या अडत्याकडे एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ धूळ खात पडला होता. हळद उतरवून येताना रिकाम्या गाडीतून तोच घेऊन आले. केवढा हा! दोघांनी मिळून उचलला. पुढच्या कापडाला भोक, काच पिवळी पडलेली, चारातली दोन बटणं गायब. अण्णा खूश. "पालिश मारलं की नवाच. मदन करंल की नीट!"

दादा करेल! इथे लिहायला कोणाची चोरी— दादाने दिल्लीचा रेडिओ-कोर्स पोस्टाने लावला होता. तिसऱ्या धड्याला त्याला कंटाळा आला. पुढची सगळी पाकिटं मी फोडली, धडे मी वाचले, पेपर मी लिहिले. सर्टिफिकेट आलं मदन भूपाल चौगुले यांच्या नावाने, पहिल्या वर्गाचं. तेव्हापासून दादा पुढच्या सोप्यात पेचकस कानावर लावून बसतो आणि गावाचे रेडिओ मागे धान्याच्या खोलीत मी उघडते. घरात सगळ्यांना ठाऊक, गावात कोणाला नाही. आता माझ्या लग्नातला रेडिओही मीच नीट करायचा, मीच सासरी न्यायचा, आणि शाबासकी दादाला. उत्तम!

९ जानेवारी

मागची फळी काढली. आत उंदराचं बाळंतपण झालेलं! चार पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. मी किंचाळले. आई धावत आली, डोकावली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "जीव हाय त्यो. डोळं उघडून आपल्या पायानं भाईर पडूस्तवर रेडिओला हात लावायचा न्हाई."

"अगं, पण पाटील पुढच्या महिन्यात रेडिओ बघायला येणार."

"येऊ द्यात. त्येंच्या घरात बी जैन धर्मच हाय."

फळी पुन्हा हलकेच टेकवून ठेवली.

१७ जानेवारी

पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच. दादाचेही, सकाळी नऊपर्यंत.

३० जानेवारी

गेली एकदाची! आईने स्वतः आत बघून खात्री केली, मगच परवानगी. वायरींचा पार भुगा केलाय. उंदीर गेले तरी बिऱ्हाडाचा वास काही जात नाही. चुना, कापूर, ऊन सगळं करून झालं. आज नुसती साफसफाई. उद्यापासून खरं काम.

४ फेब्रुवारी

रेडिओ बोलत नाही, नुसता घरघरतो. पिठाची गिरणी लावल्यागत. अण्णा म्हणतात, चालू तर झाला! घरघर अडवणारे दोन्ही फिल्टर कंडेन्सर गेलेत हे मला कळलंय. दादाला चिठ्ठी देऊन सांगलीला पिटाळलं. तो तिथून भलतेच घेऊन आला. दुकानदाराने चिठ्ठीत काय लिहिलंय ते समजावलंही म्हणे. "मी मान हालवली गं, आता समदं इचारत बसायचं का?" उद्या पुन्हा जाईल. जायलाच पाहिजे, मी सोडते की काय.

दुपारी धोंडुबाई आपला रेडिओ न्यायला आल्या. गेल्या आठवड्यात मी सगळी जोडणी बदलून दिली होती त्याची. मी जात्यापाशी बसलेली. त्या दादाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "हातात लय गुन हाय रं बाबा तुज्या." दादाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, गालात हसला. राग येतो का? येतो. आज लिहूनच टाकते, येतो! तारांना डाग देताना बोट भाजतं माझं, आणि गुण त्याच्या हातात.

आणि मग दुसरा विचार. सासरी कोण देणार आहे रेडिओ उघडायला? सुनेच्या हातात लाटणं शोभतं. इथे चोरून का होईना, उघडते तरी. लग्न झालं की हे संपलं. सगळे विचारतात, सासर कसं वाटतं गं, लांब नाही ना. हे कोणी विचारत नाही.

७ फेब्रुवारी

दादा आज फार गोड बोलत होता. शेवटी पोटातलं बाहेर आलं. "गुणे, तू गेल्यावर माजं कसं व्हायचं गं?" मी म्हटलं, चौथा धडा काढ, लाग वाचायला. तोंड असं केलं, जसा काही कडुनिंबाचा पाला दिलाय.

१२ फेब्रुवारी

बोलला!

नवे कंडेन्सर बसवून दुपारी बटण फिरवलं. आधी काचेमागे दिवा लागला. मग काहीच नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे मला माहीत, अण्णांना नाही. "संपलं," म्हणून ते उठले, आणि तेवढ्यात सांगली केंद्रावरून एक बाई गुळाचे भाव सांगायला लागल्या. घरघर नाही, खरखर नाही. शेजारी ओसरीवर बसून सांगावेत तसे. अण्णा तसेच अर्धवट उठलेले राहिले. काचेमागच्या छोट्या दिव्याचा हिरवा डोळा स्टेशन लागलं की मिटत जातो, मी तो पुन्हा पुन्हा मिटवून बघितला.

गुळाचे भाव ऐकून रडणारी मीच पहिली असेन. पदराने डोळे पुसले तर आई म्हणाली, सासरची आठवण आली वाटतं आतापासून!

१७ फेब्रुवारी, रविवार



दहाच्या गाडीने पाटील आणि महावीर आले. पॉलिश चकाकत होतं. दादाने ऐटीत बटण फिरवलं, गाणं लागलं, पाटील खूश. मग महावीर बोलला— आमच्या घरातलं त्याचं पहिलंच वाक्य. "मदनराव, इतक्या जुन्या सेटला घरघर असतेच. ती कशी काढली?"

दादाने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "तेल दिलं."

तेल! मी पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी होते. तोंडातून निघून गेलं, "तेल कुठलं! कंडेन्सर बदलले!"

रेडिओ तेवढा गातोय. महावीरने माझ्याकडे तोंड केलं आणि विचारलं, "कुठले?"

"फिल्टरचे. दोन्ही."

पाटलांची मान एकदा माझ्याकडे, एकदा दादाकडे. "कोर्स कुनी केला म्हनायचा मग?" मला वाटलं, दादा आता काहीतरी थाप मारणार. तो उठून उभा राहिला. "तिनं. समदे रेडिओ तीच करती. मी नुसता बसतो." इतकं सरळ वाक्य मी दादाच्या तोंडून आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पाटलांनी पोहे तसेच ठेवले. जाताना रेडिओकडे बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी

निरोप आला. नको म्हणतात. मध्यस्थाने पाटलांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, भला माणूस! "बाप्याचं काम करनारी सून आमाला नगं. आन् इतकी वर्सं समद्या गावाला फसवलं त्येनी."

बाजारात ही गोष्ट पाटीलच सांगत सुटलेत. आई माझ्याशी बोलत नाही. अण्णा बोलतात, पण गाईकडे बघून.

मला स्थळ गेल्याचं दुःख आहे का? असं वाटत होतं की नसेल. पण आहे. पाटलांचं नाही, कपाटाचं नाही. तो एक प्रश्न— कुठले? इतकी वर्षं काम करतेय, कामाबद्दल मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्याने विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबला. आणि मग बापाच्या मागून मुकाट निघूनही गेला. तेही लक्षात ठेवायला पाहिजे.

३ मार्च

आठवडाभर एकही रेडिओ आला नाही. धोंडुबाई समोरून गेल्या, मान फिरवून. बाईने उघडलेला रेडिओ यांना आता चालत नाही. इतकी वर्षं चालत होता की! स्थळ गेलं, काम गेलं. माझ्या नावावर एकही रेडिओ नव्हता, तेव्हा सगळ्या गावाचे माझ्याकडे होते.

दादा दिवसभर सोप्यात बसून असतो. आज पेचकस माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "माज्या कानाला जड हुतंय." मी हसले. आठवड्यात पहिल्यांदा.

१० मार्च, रविवार

महावीर आला. एकटा, साताऱ्याच्या पहिल्या गाडीने, धोतरात गुंडाळलेला रेडिओ मांडीवर धरून. गल्ली सगळी दारात. दादा उठला तर त्याला म्हणाला, "तुमच्याकडे नाही. गुणमालाबाईंकडे काम आहे. बंद पडलाय."

मी धान्याच्या खोलीत नेला नाही. पुढच्या सोप्यात, सगळ्यांसमोर फळी काढली. आत दोष काहीही नव्हता. एक व्हॉल्व्ह तेवढा जागेवरून उपसून काढलेला, आणि तो महावीरच्याच शर्टाच्या खिशात, रुमालातून डोकावत होता.

मी फळी लावली. म्हटलं, काम मोठं आहे. चार-पाच रविवार तरी यावं लागेल.